यंत्रशाळा आणि दुकान : कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

अभियांत्रिकीची पदवी घेतलेला मुलगा एखाद्या कारखान्याच्या विक्रीखात्यात जागा धरतो, असे कानी आले की आमच्या ज्ञातिबांधवांच्या घरांतून वडीलधाऱ्यांच्या कपाळी अजूनही आठी पडते. इतकी वर्षे यंत्रविद्या शिकून अखेर माल खपवीत हिंडावयाचे, ही कल्पनाच त्यांस सोसत नाही. मुलाचाही जीव दोहोंकडे ओढला जातो. अशा घरांतून कै. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र पुन्हा एकवार वाचले जावे, या हेतूने आम्ही ते येथे देत आहोत.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेच्या पुस्तकांपेक्षा चित्रे व यंत्रे यांकडे त्यांची ओढ अधिक. वडील बंधू रामूअण्णा यांच्या पाठबळावर १८८५ मध्ये ते मुंबईस आले व जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंग आपल्या डोळ्यांस नीट ओळखता येत नाहीत, असे त्यांच्या ध्यानी आले आणि रंगकाम सोडणे भाग पडले. राहिले ते रेखाकाम. यंत्रांच्या आकृती काढण्यास रंगांची ओळख लागत नाही! त्याच विद्येच्या बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांस शिक्षकाची जागा मिळाली. शिकविण्यातून वेळ उरला की ते तेथील यंत्रशाळेत जात व हाताने काम करून यंत्रांची घडण समजून घेत.

मुंबईत त्यांनी सायकल पाहिली, आणि येथून त्यांच्या आयुष्यास दुसरा प्रवाह येऊन मिळाला. १८८८ मध्ये दोघा बंधूंनी बेळगावास सायकलींचे छोटेसे दुकान काढले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली धाडाव्या व रामूअण्णांनी त्या विकाव्या आणि घेणाऱ्यास चालविण्यासही शिकवावे, असा क्रम सुरू झाला. पुढे शाळेत बढतीची वेळ आली, तेव्हा ती जागा लक्ष्मणरावांस न मिळता एका अँग्लो-इंडियन गृहस्थास मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास दुकानात येऊन बसले.

त्यांनी यंत्रविद्या टाकली, असे कोणास वाटल्यास नवल नाही. आमचे मत निराळे आहे. शाळेत यंत्र कसे चालते एवढे कळत होते; ते कोणास हवे आहे हे कळण्यास गिऱ्हाइकाचे तोंड पाहावे लागते. या दुकानाच्या आधारानेच कडबा कापण्याचे यंत्र निघाले व मागोमाग लोखंडी नांगर. नांगर उत्तम वठला; परंतु लोखंडाने जमिनीस विष चढेल, अशी शेतकऱ्यांची समजूत! पहिले ४० नांगर विकले जाण्यास दोन वर्षे लागली. ही दोन वर्षे आम्हांस त्यांच्या चरित्रातील सर्वांत कसोटीची वाटतात. पैसा अडकलेला, माल पडून, आणि दोष म्हणावा तर यंत्रात काहीच नाही. कागदावरील आकृती कितीही बिनचूक काढली, तरी शेतकऱ्याच्या मनातील शंका तिने जात नाही. तेथे विक्रेत्याचेच काम होते, आणि तेही यंत्र ज्यास अंतर्बाह्य ठाऊक आहे अशा विक्रेत्याचे.

नांगर खपू लागले न लागले तोच बेळगावातील जागा नगरपालिकेच्या योजनेपायी सोडावी लागली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी साहाय्यास आले. कुंडल रोड स्थानकाजवळील ३२ एकर जमीन व १०,००० रुपयांचे कर्ज त्यांनी दिले. जमीन कसली, निवडुंगाचे रानच ते! १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे.

१९२० मध्ये किर्लोस्कर बंधूंची मर्यादित कंपनी झाली. थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथून यंत्र-अभियांत्रिकीची पदवी घेऊन १९२६ मध्ये परतले व कारखान्यात कामास लागले. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. कंपनी झाली त्याच १९२० साली पुतणे शंकरराव यांनी वाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे पत्र काढले. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचविणे, हा त्यामागील एक हेतू. तेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, आणि ज्यांनी कधी नांगरास हात लावला नाही अशा घरांतूनही त्याच्या अंकाची वाट पाहिली जाऊ लागली.