तीन पदरांचा गोफ : प्रा. जी. एन. रामचंद्रन

वहाणेचे कातडे असो वा स्नायूला हाडाशी जखडून ठेवणारी कंडरा, लवचीक असूनही सहजी न तुटणाऱ्या या पदार्थांचे बळ कशात आहे, या प्रश्नाचा उलगडा मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत झाला. तो करणाऱ्या प्रा. गोपालसमुद्रम् नारायण रामचंद्रन यांचा अल्प परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

त्यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९२२ रोजी एर्नाकुलम येथे झाला. वडील गणिताचे प्राध्यापक होते. १९४२ मध्ये ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्युत् अभियांत्रिकी शिकावयास गेले. परंतु सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्यांचे गुण हेरून त्यांना पदार्थविज्ञानाकडे वळविले. पुढे केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून, १९५२ मध्ये, ऐन तिशीत ते मद्रास विद्यापीठात विभागप्रमुख झाले.

कातडे व कंडरा यांचा मुख्य घटक असलेल्या कोलॅजेन या प्रथिनाची रचना अद्याप अज्ञात आहे, हे त्यांना मद्रासला आलेले ब्रिटिश शास्त्रज्ञ बर्नाल यांच्याकडून कळले. नमुने शेजारच्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतून मिळाले. गोपीनाथ कर्था यांच्यासह क्ष-किरणांनी अभ्यास करून त्यांनी १९५४ मध्ये तीन साखळ्यांची रचना मांडली व १९५५ मध्ये त्या साखळ्या गोफाप्रमाणे परस्परांभोवती वळलेल्या असल्याचे दाखविले. साखळीतील दर तिसरी जागा ग्लायसीन या सर्वांत लहान अमिनो आम्लाची असते. कारण गोफाच्या गाभ्यात तेवढेच मावते.

या रचनेत अणू एकमेकांच्या फार निकट येतात, असा आक्षेप रिच व क्रिक यांनी घेतला. त्यात तथ्यही होते. बंधांच्या तपशिलात पुढे दुरुस्ती झाली, गोफ मात्र टिकला. रामचंद्रन यांनी वितंडवाद केला नाही. दोन अणू किती जवळ येऊ शकतात, हे त्यांनी ज्ञात स्फटिकांवरून तपासले आणि साखळीचे कोणते कोन संभवतात, याचे गणित मांडले. रामकृष्णन व शशिशेखरन यांच्यासह १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेला तो 'रामचंद्रन आलेख' प्रथिनांच्या रचना पडताळण्यासाठी जगभर आजही वापरला जातो.

१९७१ मध्ये ते बंगळूरला परतले. १९७७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. नोबेल मात्र त्यांना लाभले नाही. ७ एप्रिल २००१ रोजी चेन्नईत त्यांचे निधन झाले. आक्षेपाला संतापाने नव्हे, तर अधिक कसून केलेल्या कामाने उत्तर द्यावे, हाच त्यांच्या चरित्राचा बोध आहे, असे आम्हांस वाटते.