चाकांवरचे विद्यापीठ

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. सुट्टीत गावी गेलो की पारावरची माणसे काय शिकतोस म्हणून विचारतात, मी बी. ए. म्हणून सांगतो, आणि मग कुणीतरी हटकून विचारते की त्याचा शेताला काय उपयोग. मी हसून वेळ मारून नेत असे. गेल्या वर्षी आमच्या ग्रंथालयात वीणा गवाणकर यांचे, १९८१ साली प्रसिद्ध झालेले ‘एक होता कार्व्हर’ हाती पडले. त्यानंतर या माणसाविषयी मिळेल ते वाचले. पारावरच्या त्या प्रश्नाचे उत्तर मला त्याच्या आयुष्यात सापडले, म्हणून हा लेखनप्रपंच.

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचा जन्म अमेरिकेतील मिसुरी राज्यात, डायमंड नावाच्या खेड्याजवळ, साधारण १८६४ च्या सुमारास झाला. गुलामाच्या पोराची जन्मतारीख कोण लिहून ठेवणार? आई मोझेस कार्व्हर नावाच्या शेतकऱ्याची गुलाम होती. जॉर्ज तान्हा असताना दरोडेखोरांनी मायलेकरांना पळवून नेले. एका घोड्याच्या बदल्यात मूल परत मिळाले, आईचा मात्र पत्ता कधीच लागला नाही. १८६५ मध्ये मिसुरीतील गुलामगिरी संपली आणि कार्व्हर पतिपत्नींनी जॉर्ज व त्याचा भाऊ जिम यांना घरच्यासारखे वाढवले. जॉर्ज अशक्त, म्हणून त्याच्या वाट्याला शेतातली जड कामे आली नाहीत. तो स्वयंपाक, धुणे, शिवण शिकला आणि उरलेला वेळ रानात झाडांपाशी काढू लागला.

गावच्या शाळेत काळ्या मुलाला प्रवेश नव्हता. शिक्षणासाठी तो निओशो गावी गेला, पुढे कॅन्सासमध्ये गावोगाव भटकला. लोकांचे कपडे धुऊन, स्वयंपाक करून पोट भरायचे आणि शिकायचे, हा त्याचा क्रम. हायलँड येथील महाविद्यालयाने पत्राने प्रवेश कळवला, पण तो दारात उभा राहिल्यावर कातडीचा रंग पाहून नाकारला. हे वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसलो होतो.

अखेर १८९० मध्ये आयोवातील सिंप्सन कॉलेजात त्यांना चित्रकला शिकायला मिळाली. तेथील शिक्षिका एटा बड यांचे वडील एम्स येथील कृषी महाविद्यालयात प्राध्यापक होते. या विद्यार्थ्याची फुलापानांची जाण पाहून त्यांनी त्यांना वनस्पतिशास्त्राकडे वळवले. एम्सच्या त्या संस्थेतले कार्व्हर हे पहिले काळे विद्यार्थी, आणि पुढे पहिले काळे अध्यापकही. १८९४ मध्ये पदवी व १८९६ मध्ये पदव्युत्तर पदवी त्यांनी मिळवली. प्रयोगशाळा, हरितगृह, मान, सारे तेथे होते. तेथेच राहिले असते तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती.

परंतु त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांनी अलाबामातील टस्कीगी संस्थेत त्यांना बोलावले, आणि ते गेले. गुलामीतून सुटलेले लोक तेथे दुसऱ्याच्या जमिनी वाट्याने कसत होते. बियाणे उधार, धान्य उधार, आणि हंगामाला सगळा कापूस सावकाराच्या घरी. वर्षानुवर्षे कापसावर कापूस घेऊन मातीचा कस गेला होता. टस्कीगीत प्रयोगशाळा नव्हती. उकिरड्यावरच्या बाटल्या, डबे गोळा करून कार्व्हर यांनी विद्यार्थ्यांसह ती उभारली.

त्यांचा विचार साधा होता. कापूस मातीतले नत्र खातो. चवळी, भुईमूग यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतले नत्र मातीत आणतात. म्हणून पिकांची फेरपालट करा, रताळी लावा, दलदलीतला गाळ आणि पालापाचोळा कुजवून खत करा. ज्याच्या खिशात दमडी नाही, त्याला विकतचे खत सांगून काय उपयोग? प्रयोगक्षेत्राची त्यांची पहिली पत्रिका १८९८ मध्ये निघाली. तिचा विषय होता रानात फुकट पडणारी ओकची फळे जनावरांना खाऊ घालणे. अशा चव्वेचाळीस पत्रिका पुढे निघाल्या, साध्या भाषेत, शेतकऱ्याला आणि घरच्या बाईलाही समजतील अशा.

पण ज्यांना वाचता येत नव्हते त्यांचे काय? संस्थेपर्यंत येण्याइतकी सवड नसलेल्यांचे काय? मग १९०६ मध्ये न्यूयॉर्कचे धनिक मॉरिस जेसप यांच्या मदतीने एक गाडी तयार झाली. खेचरांनी ओढायची ही ‘जेसप वॅगन’. तिच्यात नांगर, कोळपणीची अवजारे, बी-बियाणे, दूध घुसळण्याचे यंत्र. गाडी गावात थांबायची, माणसे भोवती जमायची आणि तेथेच हाताने करून दाखवायचे. टस्कीगीचाच विद्यार्थी थॉमस कॅम्पबेल याला त्याच साली अमेरिकेच्या कृषी खात्याने या कामावर नेमले. पुढे खेचरे जाऊन मोटार आली, पण पद्धत तीच राहिली. १९१४ मध्ये स्मिथ-लीव्हर कायद्याने देशभरच्या कृषी महाविद्यालयांकडे असे विस्तारकार्य रीतसर सोपवले, त्याच्या आठ वर्षे आधी ही गाडी धुळीच्या रस्त्यांवर फिरत होती.

१९१० च्या सुमारास बोंडे पोखरणारा सोंड्या किडा अलाबामात पोचला, आणि कापसावर विसंबणे किती घातक हे सर्वांना दिसले. कार्व्हर भुईमुगाचे उपयोग शोधत राहिले. १९१६ च्या पत्रिकेत त्यांनी शेंगदाणे खाण्याचे एकशे पाच प्रकार दिले. शेंगदाण्याचे लोणी त्यांनी शोधले असे पुष्कळजण मानतात, ते खरे नाही. मला वाटते, शेंगदाण्याच्या कौतुकात ती गाडी मात्र विसरली गेली. ५ जानेवारी १९४३ रोजी कार्व्हर टस्कीगीतच वारले. आयुष्यभराची बचत त्यांनी संशोधनासाठी ठेवली.

आपल्या महाराष्ट्रातही राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथे १९६८ ते १९७२ या काळात कृषी विद्यापीठे निघाली. त्यांच्याकडे ज्ञान नाही असे कोण म्हणेल? पण विद्यापीठ आणि बांध यांच्यामधले शेवटचे अंतर कोणी चालायचे? दोन वर्षांपूर्वी आमच्या शेतातल्या मातीचा नमुना तपासणीला गेला होता. अहवालाचा कागद आला आणि बाबांनी तो घडी घालून विठोबाच्या तसबिरीमागे ठेवला. बाबांना वाचता येत नाही. मला येते. तरी दोन वर्षांत मी तो एकदाही उघडला नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत मी तो काढला. नत्र कमी, सेंद्रिय कर्ब कमी. मी बाबांना द्विदल पिकांच्या गाठी समजावून सांगितल्या. बाबांनी ऐकून घेतले आणि शांतपणे सांगितले, की आजोबा कापसाआधी मुगाचा बेवड धरीत, कर्ज वाढले तेव्हा ते मोडले. मी वरमलो. शिकवायला गेलो आणि शिकून आलो. कार्व्हर लोकांच्या दारापर्यंत का जात, हे मला त्या दिवशी कळले. सांगायचे असते तितकेच ऐकायचेही असते.

त्याच आठवड्यात बाबांनी एका एकरातली पऱ्हाटी उपटून हरभरा पेरला. तो आता घाटे धरतो आहे. एका एकराने आमचे दैन्य फिटणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण मित्रहो, आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी असा एखादा कागद घडी घालून ठेवलेला असेल. येत्या सुट्टीत तो उघडा आणि मोठ्याने वाचून दाखवा. पारावरच्या प्रश्नाला मी आता हसून उत्तर देत नाही.

— एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष कला