विश्लेषण : ख्रिस्ताच्या पंगतीत कोलकात्याचा लिलाववाला कसा आला? चित्रकार झोफनी कोण होता?

कोलकात्यात राजभवनाजवळ सेंट जॉन्स चर्च आहे. १७८७ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. विटांच्या त्या शहरात गौडच्या प्राचीन अवशेषांतून दगड आणून ते बांधले, म्हणून लोक त्याला ‘पाथुरे गिर्जा’, म्हणजे दगडी चर्च, म्हणू लागले. या चर्चमध्ये ख्रिस्ताच्या अंतिम भोजनाचे मोठे तैलचित्र आहे. बंगालच्या दमट हवेत दोन शतके काढल्यावर २०१० मध्ये त्याचे संवर्धन झाले. हे चित्र काढणाऱ्या योहान झोफनीला एक खोड होती. ओळखीची माणसे तो चित्रात घुसवायचा. त्या खोडीने त्याचे नुकसान केले आणि या चित्राला मोलही दिले.

घड्याळाच्या तबकड्यांपासून राजदरबारापर्यंत

झोफनीचा जन्म १७३३ मध्ये जर्मनीत फ्रँकफर्टजवळ झाला. रोममध्ये शिकून तो १७६० मध्ये लंडनला आला. सुरुवातीला घड्याळांच्या तबकड्या रंगवण्यावर पोट भरावे लागले. पुढे नट डेव्हिड गॅरिकने त्याला हाताशी धरले. नाटकातील प्रसंग रंगवून नाव झाले आणि तिसरा जॉर्ज व राणी शार्लट यांच्या कुटुंबाची चित्रे काढण्याचे काम मिळाले. रॉयल अकॅडमीचे सदस्यत्वही आले.

राणी का नाराज झाली?

१७७२ मध्ये राणीने त्याला फ्लॉरेन्सला पाठवले. उफिझी संग्रहालयातील ‘ट्रिब्युना’ या दालनाचे चित्र तिला हवे होते. झोफनीने त्यात काही वर्षे घातली. दालनातील मूर्ती आणि चित्रे बारकाईने उतरवलीच, पण फ्लॉरेन्सला आलेल्या इंग्रज पाहुण्यांची गर्दीही त्यात भरली. राणीला हे मुळीच आवडले नाही. राजघराण्याची मर्जी गेली, कामे आटली. आज मात्र त्या काळातले हौशी कलारसिक कसे होते हे पाहायला अभ्यासक याच चित्राकडे जातात!

पैसा कमावण्यासाठी १७८३ मध्ये तो भारतात आला. कोलकात्यात वॉरन हेस्टिंग्ज, लखनऊमध्ये नवाब असफउद्दौला आणि फ्रेंच अधिकारी क्लॉड मार्टिन असे आश्रयदाते मिळाले. लखनऊच्या कोंबडझुंजीचे त्याचे गजबजलेले चित्र प्रसिद्ध आहे. (पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचे चित्र काढणारा जेम्स वेल्स त्यानंतर काही वर्षांनी आला.)

चित्रातले चेहरे कोणाचे?

नव्या चर्चच्या वेदीसाठी झोफनीने ‘अंतिम भोजन’ भेट म्हणून दिले. मॉडेल म्हणून त्याने शहरातलीच माणसे घेतली. परंपरेने मानले जाते त्यानुसार ख्रिस्ताचा चेहरा पार्थेनिओ या ग्रीक धर्मगुरूचा आहे, जॉन या शिष्याचा पोलीस दंडाधिकारी ब्लॅकियरचा, आणि विश्वासघातकी यहूदाचा लिलाववाला विल्यम टुलो याचा. ज्या चर्चमध्ये शहरातले सगळे गोरे रविवारी जमायचे, तिथे आपला चेहरा यहूदाला मिळालेला पाहून टुलोला काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. सामानही हिंदुस्तानीच आहे. भिंतीवर शिपायाची तलवार, जवळ पिकदाणीच्या घाटाचे पाण्याचे भांडे आणि भिश्तीची पखाल. जेरुसलेमचा प्रसंग, पण घर कोलकात्याचे.

चित्र खराब का होते, आणि दुरुस्तीत धोका कोणता?

तैलचित्र म्हणजे थरांची रचना. खाली कापड, त्यावर सरस आणि पांढरे अस्तर, मग रंग, सर्वात वर वॉर्निश. पावसाळ्यात कापड आणि सरस ओल शोषून आकार बदलतात. वाळून कडक झालेला तैलरंग त्यांच्याबरोबर हलत नाही. दोन धातूंची जोडपट्टी तापवल्यावर वाकते, तसाच हा प्रकार; फक्त इथे तडे जातात आणि पोपडे निघतात. वॉर्निश पिवळे पडते, त्यात धूळ बसते.

पण मला जास्त गंभीर वाटते ती जुनी दुरुस्ती. पूर्वी पोपडा निघाला की आजूबाजूच्या मूळ रंगावरही सर्रास नवा रंग फिरवला जाई. साध्या ढगाच्या बाबतीत हे एक वेळ चालेल. इथे चेहरे हाच पुरावा आहे. कोणी यहूदाचे नाक ‘सुधारले’, तर टुलो गेला. म्हणून आजचा संवर्धक आधी मूळ आणि नंतरचे वेगळे करतो. अतिनील प्रकाशात जुने वॉर्निश हिरवट चमकते, तर नंतरचे रंगकाम बहुधा गडद डागासारखे दिसते. द्रावकाची चाचणी आधी कोपऱ्यातल्या लहान तुकड्यावर होते. नवा रंग फक्त उडालेल्या जागी लावायचा, तोही पुढे काढता येईल असा.

कोलकात्यातील काम गटे इन्स्टिट्यूट आणि ‘इंटॅक’ यांच्या सहकार्याने झाले. चित्र आजही चर्चमध्येच आहे, संग्रहालयाच्या वातानुकूलित दालनात नाही. म्हणजे ओल आणि उकाडा यांच्याशी त्याची गाठ दरवर्षी पडणारच.

झोफनी १७८९ मध्ये इंग्लंडला परतला. लंडनजवळ थेम्सकाठी राहत असताना त्याने आणखी एक ‘अंतिम भोजन’ रंगवले. ते ब्रेंटफर्डच्या चर्चमध्ये आहे. १८१० मध्ये त्याचे निधन झाले. खोड मात्र शेवटपर्यंत गेली नव्हती. ब्रेंटफर्डच्या चित्रातील शिष्यांसाठी त्याने शेजारच्या कोळ्यांना बसवले होते, असे सांगतात.