मराठ्यांचा इतिहासकार कॅप्टन ग्रँट डफ

जेम्स ग्रँट डफ यांचा जन्म १७८९ साली स्कॉटलंडात बांफ येथे झाला. तरुणपणीच ते कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत दाखल झाले. १८१८ साली इंग्रजांनी आपला चांद्याचा किल्ला घेतला. त्याच वर्षी डफ साताऱ्यास नेमले गेले. तेथे त्यांनी बखरी, सनदा व जुनी दप्तरे अभ्यासिली. प्रकृती ढासळल्याने मायदेशी परतून १८२६ साली त्यांनी तीन खंडांत मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. पुढे नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी त्यातील उणिवा दाखविल्या. १८५८ साली डफ वारले. त्याच साली चांद्यास वीर बाबूराव शेडमाके फासावर गेले. इंग्रजांची बाजू कागदावर आली. आपल्या वीरांची पुष्कळशी तोंडीच राहिली. म्हणून मंदिराचा जमाखर्च व देणगीदारांची नावे या स्मरणिकेत लिहून ठेविली आहेत.