विश्लेषण : जॉर्ज वॉशिंग्टन जे बोललेच नाहीत, ते त्यांच्या नावावर कसे?

अमेरिका ख्रिस्ती राष्ट्र म्हणून जन्माला आली की धर्मनिरपेक्ष राष्ट्र म्हणून, हा वाद तिथे वर्षानुवर्षे सुरू आहे. दोन्ही बाजू त्यात पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांना साक्षीदार करतात. देव आणि बायबल यांच्याशिवाय जगाचा कारभार नीट चालवणे अशक्य आहे, असे ते म्हणाल्याचे एक बाजू सांगते. अमेरिकेचे सरकार ख्रिस्ती धर्मावर उभारलेले नाही, असे ते म्हणाल्याचे दुसरी बाजू सांगते. प्रत्यक्षात ही दोन्ही विधाने त्यांची नाहीत. मग त्यांचे आयुष्य काय सांगते?

बालपण कसे होते?

वॉशिंग्टन यांचा जन्म २२ फेब्रुवारी १७३२ रोजी व्हर्जिनियात झाला. ते ११ वर्षांचे असताना वडील वारले. सावत्र भावांप्रमाणे शिक्षणासाठी इंग्लंडला जाणे त्यांना जमले नाही. शाळकरी वयात त्यांनी सभ्य वागणुकीचे ११० नियम वहीत उतरवून काढले. या नियमांचे मूळ सोळाव्या शतकातील फ्रान्समधील जेझुइटांकडे जाते. तरी आजही ते वॉशिंग्टन यांची वचने म्हणून छापले जातात.

१७ व्या वर्षी ते जमीन मोजणीचे काम करू लागले. पुढे ते व्हर्जिनियाच्या फौजेत अधिकारी झाले. १७५९ मध्ये त्यांनी मार्था कस्टिस या विधवेशी विवाह केला.

ते धार्मिक होते का?

१७६२ मध्ये ते आपल्या भागातील अँग्लिकन चर्चच्या कार्यकारी मंडळावर गेले. त्या वेळी व्हर्जिनियात हे चर्च सरकारी होते आणि गरिबांना मदत देण्याचे कामही हे मंडळच करत असे. त्यामुळे हे पद जितके धार्मिक, तितकेच सार्वजनिक होते.

त्यांच्या लेखनात ईश्वरी कृपेचा उल्लेख वारंवार येतो; येशूचे नाव मात्र क्वचितच आढळते. अध्यक्ष असताना फिलाडेल्फियात ते प्रार्थनेला जात, पण प्रभुभोजनाच्या विधीआधी उठून निघत. धर्मगुरूंनी प्रवचनातून यावर नापसंती सुचवली, तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. त्या विधीच्या रविवारी जाणेच त्यांनी थांबवले.

धर्मशिक्षकांसाठी कर लावण्याचे विधेयक १७८५ मध्ये व्हर्जिनियात गाजत होते. लोकांनी आपापल्या धर्मासाठी पैसे द्यावेत, यात त्यांना तत्त्वतः गैर वाटत नव्हते. तरी समाजात फूट पडेल म्हणून विधेयक पुढे नेऊ नये, असे मत त्यांनी पत्रातून कळवले. दोन्ही बाजूंना अडचणीचे ठरणारे हे खरे पत्र वादात फारसे दिसत नाही.

बर्फातील प्रार्थनेची कथा खरी का?

जून १७७५ मध्ये वॉशिंग्टन यांच्याकडे सैन्याचे नेतृत्व आले. १७७७-७८ चा हिवाळा सैन्याने व्हॅली फोर्ज येथे काढला. तिथे रोगराईने सुमारे २ हजार सैनिक दगावले. याच छावणीजवळ वॉशिंग्टन बर्फात गुडघे टेकून प्रार्थना करताना एका रहिवाशाने पाहिले, अशी कथा आहे. तिला त्या काळचा पुरावा नाही. ती पसरवली मेसन वीम्स या पाद्री आणि पुस्तकविक्रेत्याने. वॉशिंग्टन यांनी लहानपणी चेरीचे झाड तोडल्याची गोष्टही त्याचीच. १९२८ मध्ये या प्रार्थनेचे टपाल तिकीटही निघाले.

युद्ध संपत आल्यावर जून १७८३ मध्ये त्यांनी राज्यांना लिहिलेल्या खऱ्या पत्राचा शेवट प्रार्थनेसारखा आहे. पुढे कुणीतरी त्यातील वाक्ये बदलून त्यांत येशूचे नाव जोडले. हा बदललेला मजकूर न्यू यॉर्कच्या सेंट पॉल्स चॅपलमधील फलकावर कोरला गेला.

अध्यक्ष म्हणून भूमिका काय होती?

३० एप्रिल १७८९ रोजी त्यांनी बायबलवर हात ठेवून अध्यक्षपदाची शपथ घेतली. शेवटी त्यांनी ईश्वराच्या साहाय्याची याचना स्वतःहून जोडली, असे सांगतात. ही गोष्ट मात्र १८५० च्या दशकात छापून आली.

ऑगस्ट १७९० मध्ये न्यूपोर्टच्या ज्यू समाजाला त्यांनी पत्र लिहिले. धर्मस्वातंत्र्य ही बहुसंख्याकांनी दाखवलेली मेहेरबानी नसून सर्वांचा उपजत हक्क आहे, असा त्याचा आशय आहे. हे पत्र अस्सल आहे. त्यातील सर्वांत प्रसिद्ध वाक्यांश मात्र मूळचा मोझेस सेशस यांचा. ज्यू समाजाच्या वतीने त्यांनी पाठवलेल्या पत्रातील शब्द वॉशिंग्टन यांनी उत्तरात परत वापरले.

१७९६ च्या निरोपाच्या संदेशात धर्म आणि नीती हे राज्याचे आधार आहेत, असे ते सांगतात. त्यात कोणत्याही एका धर्माचे नाव नाही. त्या मसुद्यावर मॅडिसन आणि हॅमिल्टन यांचाही हात फिरला होता.

मग ती दोन विधाने कुठून आली?

सरकार ख्रिस्ती धर्मावर उभारलेले नाही, हे वाक्य त्रिपोलीशी झालेल्या तहाच्या ११ व्या कलमातील आहे. तो तह १७९६ मध्ये झाला तेव्हा वॉशिंग्टन अध्यक्ष होते, म्हणून गैरसमज. शब्द साधारणपणे अमेरिकी वाणिज्यदूत जोएल बार्लो यांचे मानले जातात. सिनेटने जून १७९७ मध्ये तो मंजूर केला आणि सही केली जॉन ॲडम्स यांनी.

बायबलच्या विधानाचे मूळ जेम्स पॉल्डिंग यांच्या १८३५ च्या चरित्रात सापडते. म्हणजे वॉशिंग्टन यांच्या मृत्यूनंतर ३६ वर्षांनी. तिथेही फक्त परमेश्वराचा उल्लेख होता. बायबल नंतर जोडले गेले.

त्यांच्याच नावावर इतके का खपते?

१४ डिसेंबर १७९९ रोजी वॉशिंग्टन यांचे निधन झाले. शेवटच्या आजारात डॉक्टर होते, धर्मगुरूला मात्र बोलावले गेले नाही. मृत्युपत्रात त्यांनी स्वतःच्या मालकीच्या १२३ गुलामांना मुक्त करण्याची तरतूद केली होती. त्यांच्या मृत्यूनंतर मार्था यांनी पती-पत्नींमधील जवळपास सर्व पत्रे जाळली. श्रद्धेबद्दल कमी बोलणारा माणूस, त्यात घरातील पत्रव्यवहारही नष्ट. या रिकाम्या जागेत ज्याने त्याने आपले म्हणणे भरले.

पडताळणी कशी करावी?

अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१३ मध्ये ‘फाउंडर्स ऑनलाइन’ हे संकेतस्थळ सुरू केले. वॉशिंग्टन, ॲडम्स, जेफरसन, फ्रँकलिन, हॅमिल्टन, मॅडिसन यांची पत्रे तिथे मोफत शोधता येतात. वचनासोबत तारीख आणि पत्र कुणाला लिहिले हे दिलेले नसेल, तर आधी तिथे शोधावे. सापडले, तरी आधीची आणि नंतरची वाक्येही वाचावीत. न्यूपोर्टच्या उत्तरातील वाक्यांश सेशस यांचा आहे, हे दोन्ही पत्रे शेजारी ठेवून वाचल्यावरच लक्षात येते.