सम्राट अशोकाचे पहिले वर्ष



तुमच्या घरी तथागतांची मूर्ती आली, भिंतीवर परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर लागली, मुलांना त्रिशरण-पंचशील पाठ झाले. तरीही लेकरू तापाने फणफणले की घरातले कुणीतरी वडीलधारे माणूस हळूच जुन्या देवाचा नवस बोलते. ताप उतरतो, पण मनाला बोचणी लागते. आपण खरेच बौद्ध झालो, की नुसते म्हणवून घेतो? ही बोचणी ज्यांना लागली आहे, त्यांनी सम्राट अशोकाचे चरित्र मुद्दाम समजून घ्यावे.

अशोक हा चंद्रगुप्त मौर्याचा नातू आणि बिंदुसाराचा पुत्र. पाटलिपुत्र ही त्याची राजधानी. त्याचा राज्याभिषेक सुमारे इ. स. पू. 268 मध्ये झाला. अभिषेकानंतर आठ वर्षांनी त्याने कलिंग जिंकले. त्या युद्धात एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख माणसे धरून नेली गेली आणि त्याच्या कितीतरी पट माणसे मागाहून मेली. हे आकडे शत्रूने लिहिलेले नाहीत. जिंकणाऱ्या अशोकानेच ते शिलेवर कोरवून आपला पश्चात्ताप जगापुढे मांडला.

रणांगण पाहिले, तलवार टाकली आणि त्याच क्षणी राजा बदलला, अशी गोष्ट आपण मुलांना सांगतो. अशोकाचे स्वतःचे लेख मात्र निराळे सांगतात. मध्य प्रदेशातील रूपनाथ, कर्नाटकातील मस्की अशा ठिकाणच्या लेखांत तो आपला हिशेब देतो. उपासक होऊन आपल्याला अडीच वर्षांहून अधिक काळ झाला, पण पहिले वर्षभर आपल्या हातून फारसा उद्यम झाला नाही. पुढे संघाच्या सहवासात गेलो, तेव्हापासून वर्षाहून अधिक काळ आपण नेटाने झटत आहोत, असा त्याचा आशय आहे.

वाचकहो, विचार करा. एवढ्या मोठ्या सम्राटाला जाब विचारणारा कोण होता? वर्ष ढिलाईत गेले हे त्याने झाकून ठेवले असते, तर आज कुणालाही कळले नसते. त्याने ते दगडावर कोरले, आणि ती ढिलाई कशाने गेली तेही सांगितले : संघाच्या सहवासाने. एकट्याने घरात बसून तो बदलला नाही.

आता त्याच्या स्वयंपाकघरात डोकवा. पूर्वी राजाच्या मुदपाकखान्यात रोज लाखांच्या संख्येने प्राणी मारले जात. पुढे ही संख्या तीनवर आली : दोन मोर आणि एक हरिण, तेही हरिण रोज नाही. हे तीन जीवही यापुढे मारले जाणार नाहीत, असे त्याने जाहीर केले. शिल्लक राहिलेले तीन जीव त्याने लपवले नाहीत आणि तीनवर समाधानही मानले नाही. आपल्या घरात अजून काय शिल्लक आहे, याची अशी मोजदाद आपण कधी केली आहे काय?

अशोकाचा हा आवाज आपल्या महाराष्ट्रातही उमटला आहे. वसईजवळच्या सोपारा येथे त्याच्या आठव्या लेखाचा तुकडा 1882 साली सापडला. शिकारीच्या सहली सोडून राजा बोधिवृक्षाच्या स्थानी गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या, हा त्या लेखाचा विषय. त्याच परिसरात 1956 साली नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. 1956 हेच आपल्या धम्मदीक्षेचे साल. अशोक विजयादशमीला, 14 ऑक्टोबर रोजी, बाबासाहेबांनी नागपूरला लाखो बांधवांना बावीस प्रतिज्ञा दिल्या.

त्या नवव्या लेखात जणू तुमच्या-आमच्या घराचीच हकीकत आहे. आजारपणात, लग्नकार्यात, मूल जन्मले असता, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात. त्यांचे फळ थोडे, असे अशोक म्हणतो. मग भरपूर फळ देणारा विधी कोणता? दास आणि नोकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान, हा धम्माचा विधी होय. आणि हे पित्याने, पुत्राने, भावाने, मित्राने, शेजाऱ्यानेसुद्धा एकमेकांना सांगावे. त्या लेखात क्षुल्लक विधींबद्दल बायकांकडे बोट दाखविले आहे. आपण मात्र सारा दोष घरातल्या बाईवर टाकू नये. सभेत प्रतिज्ञा म्हणणारा आणि घरी चाललेल्या नवसाकडे काणाडोळा करणारा पुरुषही तितकाच जबाबदार आहे.

अशोक निर्दोष झाला, असेही समजू नका. राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षानंतरही त्याच्या राज्यात देहदंड होता. दंड झालेल्यांना त्याने तीन दिवसांची मुदत तेवढी दिली. अरण्यात राहणाऱ्या लोकांना त्याने पश्चात्तापाच्या लेखातच दरडावले आहे. माणसाला आपले पुण्य दिसते, आपले पाप दिसत नाही, हेही त्यानेच एका स्तंभलेखात लिहून ठेवले.

तेव्हा बंधूंनो, पहिले वर्ष ढिलाईत गेले म्हणून दीक्षा खोटी ठरत नाही. ढिलाई लपवली आणि तशीच चालू ठेवली, तर मात्र ती खोटी ठरते. अशोकाच्या ढिलाईचा आधार घेऊन कुणी स्वस्थ बसू नये. त्याने एका वर्षानंतर कंबर कसली, हे विसरू नये.

आजपासून एवढे करा. आठवड्यातून एकदा सहकुटुंब विहारात जा. लेकरू आजारी पडले तर आधी दवाखाना गाठा, आणि नवस बोलणाऱ्या आजीवर न रागावता रात्री तिच्याशेजारी बसून तिची भीती ऐकून घ्या. सुनेशी आणि हाताखालच्या माणसाशी बोलताना पंचशील आठवा. वर्षअखेरीस सगळे एकत्र बसून काय सुटले आणि काय राहिले, ते एकमेकांना खरे सांगा. तुमच्यापाशी शिला नाही, पण मुले तुमचे वागणे रोज पाहत असतात. तुमचा लेख त्यांच्या मनावर कोरला जात आहे.

जयभीम!