शिल्पकार नानासाहेब करमरकर

चित्रकला आणि मातीकामाच्या स्पर्धेसाठी नावे द्या असे गुरुजींनी सांगितले की वर्गात निम्मी मुले खाली मान घालून बसतात. आपल्याला काय येतंय? मोठ्या शाळांतली मुले रंगपेट्या घेऊन येणार, आपला नंबर कुठला लागायला? असे ज्यांना वाटते त्यांनी ही माहिती जरूर वाचावी. पालकांनीही वाचावी.

विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म २ ऑक्टोबर १८९१ रोजी सासवणे या गावी झाला. हे गाव अलिबाग तालुक्यात, अगदी समुद्राकाठी आहे. त्या वेळी त्या जिल्ह्याला कुलाबा जिल्हा म्हणत, १९८१ पासून तो रायगड जिल्हा झाला. म्हणजे नानासाहेब आपल्या शेजारचेच, कोकणातलेच. नारळी-पोफळीच्या वाड्या, भातशेती, होड्या, म्हशी, हेच सगळे त्यांच्या डोळ्यांसमोर असे.

त्यांच्या घरी गणपतीच्या मूर्ती होत. आपल्याकडे श्रावणात गणपतीची शाळा भरते, आपण पाट नेऊन देतो आणि मग शाळा सुटली की मूर्ती कुठवर आली ते बघत उभे राहतो. विनायकाला तर ही शाळा घरातच होती! माती कशी मळायची, सोंड कशी वळवायची, हात कुठे जोडायचे, हे तो बघून बघून शिकला. त्याला चित्रांचाही नाद होता. गावच्या राममंदिराच्या भिंतीवर त्याने घोड्यावर बसलेल्या शिवाजी महाराजांचे चित्र काढले.

त्या वेळी ऑटो रॉथफील्ड नावाचे इंग्रज कलेक्टर होते. ते गावात आले असता त्यांनी हे चित्र पाहिले. खेड्यातल्या मुलाचा हात एवढा सफाईदार पाहून त्यांना नवल वाटले. त्यांनी चौकशी केली आणि विनायकाला मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला जाण्यास मदत केली. विचार करा, ते चित्र त्याने वहीत काढून वही फडताळात ठेवून दिली असती तर? भिंतीवर होते म्हणून ते दिसले. स्पर्धेत भाग घ्यायचा तो एवढ्यासाठीच. आपले काम चार माणसांच्या नजरेखाली आले पाहिजे.

जे. जे. मध्ये ठिकठिकाणची हुशार मुले होती. तिथे विनायकाने शिल्पकला शिकायला घेतली. चांगले काम करणाऱ्या विद्यार्थ्याला तिथे मेयो पदक देत. ते आपल्याला मिळावे असे प्रत्येकालाच वाटणार. ते पदक सासवण्याच्या या मुलाने मिळवले. पदक देताना कोणी गाव विचारत नाही, काम बघतात.

पुढे ते कलकत्त्याला गेले. तिथे टागोर घराण्यातील सुरेंद्रनाथांचे त्यांना साह्य झाले. १९२० साली ते विलायतेला गेले आणि लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकले. एवढे शिकून आले तरी गणपतीची माती मळलेले हात त्यांनी विसरू दिले नाहीत.

त्यांचे सर्वांत गाजलेले काम म्हणजे पुण्याचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा. पुण्यात महाराजांचे स्मारक व्हावे म्हणून कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पुढाकार घेतला होता. १९२२ साली ते वारले. पुढे राजाराम महाराजांनी काम तडीस नेले. पुतळा सुमारे साडेतेरा फूट उंच. नानासाहेबांनी आधी मातीचा नमुना केला. त्यावरून साचा झाला आणि साच्यात वितळलेले ब्राँझ ओतायचे ठरले. एवढा मोठा पुतळा तुकड्यातुकड्यांनी ओतून जोडणे सोपे. पण त्यांनी तो एकसंध ओतायचे ठरवले. यात धोका फार. धातू मध्येच निवला किंवा एखादा कोपरा भरला नाही तर सारी मेहनत फुकट. मुंबईच्या माझगाव गोदीत हे ओतकाम झाले आणि साधले! मग पुतळा रेल्वेने घाटातल्या बोगद्यांमधून पुण्याला नेला. आज जिथे श्री शिवाजी मिलिटरी स्कूल आहे त्या आवारात १९२८ साली त्याचे अनावरण झाले. तो आजही तिथे आहे. देवळाच्या भिंतीवरचा घोडा असा ब्राँझचा होऊन उभा राहिला.

त्यांच्या ‘शंखध्वनी’ या शिल्पाला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. पण राजे आणि पुढारी यांचेच पुतळे त्यांनी केले असे नाही. कोळीण, हमाल, म्हैस, कुत्रा हेही त्यांनी घडवले, आणि तेसुद्धा साध्या सिमेंटमध्ये! सासवण्याला त्यांच्या घरीच ही शिल्पे मांडलेली आहेत. म्हैस पाहून खरीच बसली आहे की काय असे वाटते. सहल तिकडे गेली तर हे घर चुकवू नये.

१३ जून १९६७ रोजी नानासाहेबांचे निधन झाले.

मुलांनो, आपल्याजवळ भारी रंग नसतील, पण पऱ्ह्याकाठची माती आहे, गुरे आहेत, होड्या आहेत. जे रोज बघतो ते नीट बघून काढावे. नंबर आला तर आनंदच, नाही आला तर दुसऱ्यांची कामे बघून शिकता येते. पालकांना एवढीच विनंती, मुलगा किंवा मुलगी मातीत हात घालून बसली तर लगेच ओरडू नये. काय करतेय ते जरा वाकून बघावे.